चांगले करिता दुःख आले तर

(वाचनासाठी: १ पेत्र, अध्याय ३, वचने १३ ते १८, आणि अध्याय ४, वचने १२ ते १९.)



पेत्राचे पहिले पत्र ज्यांस लिहिले गेले ते लोक मोठ्या पदवीचे नव्हते. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया ह्या प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्थानाच्या मुलखात, ते विखुरलेले होते. त्यांत दास होते. ज्यांचे नवरे वचन मानीत नव्हते अशा स्त्रियाही होत्या. आणि जन्मगावी राहूनही परक्यासारखे दिवस काढण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. अशा लोकांना प्रेषित जे सांगतो ते ऐकावयास सोपे, परंतु गिळावयास कठीण आहे. दुःख यावयाचेच असेल तर ते आपल्या अपराधामुळे न येता आपल्या सत्कृत्यामुळे यावे, आणि तसे आल्यास लाजू नये, असा त्याच्या सांगण्याचा भावार्थ आहे.

ह्या वचनांवर आपल्या मंडळ्यांत उपदेश पुष्कळ होतात. मी स्वतः किती वेळा केला असेल ह्याची मोजदाद ठेविली नाही. परंतु उपासना आटोपून आम्ही ओसरीवर बसलो म्हणजे एखादा वृद्ध बंधु हळूच विचारतो, "पाळकसाहेब, चांगले केले तर चांगले व्हावे, हा न्याय की नाही? मग आमच्याच वाट्याला उलटे का?" हा प्रश्न अविश्वासाचा नाही. तो विचारणाऱ्याने कोणाचे तरी भले केलेले असते व त्याबद्दल त्याच्या पाठीवर काहीतरी बसलेले असते. त्यास 'देवावर भरवसा ठेवा' एवढेच म्हणून वाटेस लावणे हा त्याचा अपमान होय.

आपल्या गावात ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. करावे तसे भरावे, असे लोक म्हणतात; आणि ह्या जन्मीचा दोष सापडला नाही तर मागल्या जन्मीचा काढून देतात. आपण बाप्तिस्मा घेतला तरी हे उत्तर आपल्या मनातून गेलेले नसते. बैल मेला, पोरगे आजारी पडले, नोकरी गेली, की आपणही घरात कुजबुजतो की देवाचा कोप झाला, कोठे तरी पाप लपले असावे. ईयोबाचे मित्र हेच म्हणत बसले होते व शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरविले. जन्मापासून आंधळ्या असलेल्या मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, तेव्हा प्रभूने तो हिशेबच मोडून टाकिला. चांगले करणाऱ्यास दुःख का होते ह्याचे उत्तर सोसणाऱ्याच्या वहीत शोधण्यात अर्थ नाही. ते पुष्कळदा दुसऱ्याच्याच वहीत लिहिलेले सापडते.

प्रेषितांच्या कृत्यांतील सोळावा अध्याय काढून पाहा. फिलिप्पै शहरात एक दासी होती. तिला भूतबाधा झाली होती व त्या अवस्थेत ती भविष्य सांगत असे. तिच्या धन्यांना त्यापासून मोठी मिळकत होई. पौलाने तिला मुक्त केले. त्या मुलीचे कल्याण झाले हे कोणीही नाकारिले नाही. परंतु धन्यांच्या ध्यानात पहिली गोष्ट आली ती ही, की आता पैसा बुडाला. त्यांनी पौल व सीला ह्यांना चावडीपुढे ओढून नेले, आणि तेथे बुडालेल्या पैशाविषयी अवाक्षरही न काढता आमच्या चालीरीती बिघडवितात असा आरोप ठेविला. इफिस येथील देमेत्रिय सोनाराची कथाही अशीच आहे. मात्र तो आपल्या कारागिरांच्या सभेत धंद्याचे दुःख मोकळेपणी बोलून दाखवितो व मग देवीचे नाव पुढे करितो.

आता ह्याच पत्रातील बिथुनिया प्रांताकडे या. इसवी सन ११२ च्या सुमारास तेथे प्लिनी नावाचा रोमी सुभेदार होता. त्याने त्राजान बादशहास लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो ख्रिस्ती लोकांची चौकशी कशी केली ते कळवितो. त्यास आढळले ते एवढेच, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताची देव म्हणून स्तुती गातात, आणि चोरी, लूट व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवावयास दिलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही, अशी शपथ घेतात. अधिक काही निघते का हे पाहण्यासाठी त्याने मंडळीची सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ केला. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. आपणांसही ती कळलेली नाहीत. त्याच पत्रात आणखी एक लहानसे वाक्य आहे व मला ते फार बोलके वाटते. बळीच्या मांसाला मध्यंतरी गिऱ्हाईकच मिळेनासे झाले होते, ते आता पुन्हा मिळू लागले आहे, असे तो समाधानाने लिहितो. ज्यांनी ठेव न बुडविण्याची शपथ घेतली त्यांजवर खटले भरले गेले. आणि त्या खटल्यांच्या मागे कोठेतरी मांसाचा बाजार होता.

येथे आपल्या वृद्ध बंधूच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळते. जगातील बहुतेक वाईट गोष्टी वाऱ्यावर राहात नाहीत. त्यांवर कोणाचे तरी पोट चालते. दारूचा गुत्ता, सावकाराचे न फिटणारे खाते, पंधरा वर्षांच्या मुलीचे ठरविलेले लग्न, ह्यांतील प्रत्येकाच्या मागे कोणी तरी कमाई करणारा किंवा अब्रू राखणारा उभा असतो. तुम्ही एका कर्जदारास हिशेब वाचून दाखविला की त्याच्या डोळ्यांत पाणी येते, परंतु सावकाराच्या डोळ्यांत रक्त येते. देवाने तुम्हांस टाकिले म्हणून तुमच्यावर घाव पडला असे नव्हे. तुम्ही ज्या जागी हात घातला तेथे कोणाचा तरी नफा होता म्हणून तो पडला. पेत्र म्हणतो की ह्या अग्निपरीक्षेचे नवल मानू नका. मला वाटते, तो धीर देतो तसाच जगाची रीतही समजावून सांगतो.

ह्यावरून दुसरी गोष्ट निघते. वाईटावर जगणाऱ्यास प्रत्येक वेळी घाव घालावाच लागतो असे नाही. बहुधा नुसता डोळा वटारला की काम भागते. शंभर माणसांस एक बाब चुकीची आहे हे ठाऊक असते. त्यांपैकी शंभरही जण विचार करितात की मला दुःख न होईल इतकेच चांगले मी करीन. मग त्या गुत्तेवाल्यास किंवा सावकारास काय खर्च आला? काहीच नाही. त्याचा सर्व कारभार आपल्या भयाच्या भांडवलावर चालतो, आणि ते भांडवल आपण बिनव्याजी पुरवितो. दुःख सोसावयास तयार असणे हा साधुसंतांसाठी राखून ठेविलेला निराळा सद्गुण आहे अशी आपली समजूत असते, पण ती खरी नाही. किंमत द्यावी लागेल तेथे जे चांगुलपण थांबते ते मनुष्यास सोडून आपल्या सोयीच्या मागे गेलेले असते. आणि ज्याला त्या चांगुलपणाची सर्वांत अधिक गरज असते तो बिचारा बहुधा त्या किमतीच्या पलीकडेच उभा असतो.

आपला प्रभु त्या पलीकडच्या बाजूस गेला. नीतिमान असून तो अनीतिमानांसाठी मेला असे प्रेषित शिकवितो, व सर्व बोध ह्या एका खुंटीवर टांगतो. खांबाशी, वधस्तंभाशी येऊन प्रभूचे चांगुलपण थांबले असते तर तुम्ही आम्ही आज कोठे असतो, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

तथापि येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत, कारण ह्या वचनांचा जितका उपयोग झाला आहे तितकाच दुरुपयोगही झाला आहे.

पहिला गैरसमज हसण्यासारखा आहे. आपणांस गावात कोणी टाकून बोलले की आपण लगेच छळाची भाषा बोलू लागतो. बांध कोरला म्हणून शेजारी भांडला, उसने घेतलेले धान्य परत केले नाही म्हणून बोलाचाली झाली, आणि प्रार्थनेच्या वेळी आपण उभे राहून सांगतो की प्रभूच्या नावासाठी सोसावे लागत आहे. पेत्राला अशी माणसे ठाऊक असावीत. कोणीही खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नये असे लिहिताना तो त्याच रांगेत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवितो. मी हे वचन वाचले की काही मंडळ्यांतील पंचांची आठवण होते, व क्षमा असावी, काही पाळकांचीही.

दुसरा गैरसमज असा, की दुःखच पुण्यकारक आहे. आपल्या देशात देहाला पीडा देऊन पुण्य साठविण्याची कल्पना जुनी आहे, आणि ती देवळाचे दार ओलांडून आपल्याही मनात येऊन बसते. परंतु दुःख कमवावयाचे नसते. प्रभूने गेथशेमानेत प्याला टळावा अशी विनंती केली. पौलाला दिमिष्कात मारावयास लोक टपले तेव्हा तो पाटीत बसून कोटावरून खाली उतरला, व त्याबद्दल त्यास कोणी भित्रा म्हटले नाही. वाट असेल तर वाटेने जावे. मात्र आपले कर्तव्य मागे टाकूनच ती वाट सापडत असेल तर ती वाट नव्हे.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे व तो बहुधा सोसणाऱ्याचा नसून सांगणाऱ्याचा असतो. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद होईपर्यंत गुलामांचे धनी व त्यांचे धर्मोपदेशक ह्याच पत्राचा दुसरा अध्याय गुलामांस वाचून दाखवीत. आपल्या येथे हाच अध्याय नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बहिणीस वाचून दाखविला जातो. ती रात्री पाळकाच्या दारी येते, आपण तिला सहनशीलतेचा बोध करितो, व सकाळी परत पाठवितो. बंधूंनो, पेत्राने ज्या दासांना लिहिले त्यांच्यापुढे दार नव्हते. जेथे दार नाही तेथे मनुष्याने आपला जीव व आपली लाज कशी राखावी हे तो सांगतो. आपणांपाशी दार आहे; २००५ साली झालेला घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदाही त्या बहिणीच्या बाजूस आहे. असे असता आपण दार लावून घ्यावे आणि आतून पवित्र शास्त्र वाचावे हे पाप होय. ती बहीण चांगले केल्यामुळे दुःख भोगीत नाही. दुसऱ्याच्या वाईटामुळे भोगीत आहे. चांगले करावयाचे व त्याबद्दल दुःख येईल तर ते सोसावयाचे, हे काम त्या रात्री तिचे नसते. ते दार उघडणाऱ्याचे असते, कारण तिचा नवरा व त्याचे भाऊबंद उद्या त्याच्याच अंगणात येऊन उभे राहावयाचे असतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असे सोसणे ही आपल्याच मंडळीची मिरास नाही. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाल्यावर सावित्रीबाई फुले शिकवावयास जात, तेव्हा वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व दगड येत. पुढे प्लेगाच्या साथीत रोग्यांची सेवा करिता करिता त्यांसही तो रोग जडला, व १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. ज्यांनी घेतला आहे, व जे वधस्तंभाचे चिन्ह भिंतीवर लावितात, त्यांस त्या बाईंच्या जीवनाकडे पाहून बढाई मारण्यास काही जागा उरत नाही. उरते ती लाजण्यास.

आता मी तुम्हांस एका खेड्याच्या मंडळीची हकीकत सांगतो. मोठमोठ्या हुतात्म्यांच्या कथा ऐकून आपण म्हणतो की ते निराळे लोक होते. हे लोक निराळे नव्हते. गुरे राखणारे व शेत कसणारे होते.

फ्रान्स देशाच्या दक्षिण मध्यभागी एका थंड पठारावर ल शाँबों-सुर-लिन्यों नावाचे गाव आहे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट. त्यांच्या वाडवडिलांवर मोठे छळ झाले होते. १६८५ साली राजाने त्यांची उपासनाच बेकायदेशीर ठरविली होती. त्या काळच्या मारी ड्युराँ नावाच्या एका स्त्रीस १७३० पासून १७६८ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, एका बुरुजात कोंडून ठेविले होते. विश्वास सोडते एवढे ती म्हणाली असती तर दार उघडले असते. अशा गोष्टी त्या पठारावरील घराघरांत आजी नातवंडांस सांगत असे.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे हार खाल्ली. तहावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून रोजी, रविवार होता. त्या मंडळीचा पाळक आंद्रे त्रोक्मे ह्याने उपदेशात सांगितले की आपल्या विवेकाविरुद्ध जुलूम होईल तेव्हा ख्रिस्ती मनुष्याने आत्म्याच्या शस्त्रांनी त्याचा प्रतिकार करावा. द्वेष करू नये व भिऊही नये. त्याच्या बरोबरीस एदुआर तेइस हा दुसरा पाळक होता. थोड्याच महिन्यांत हिवाळ्यात पाळकाच्या दारावर थाप पडली. जर्मनीतून पळून आलेली एक यहूदी बाई बर्फात उभी होती. पाळकाची पत्नी मागदा हिने तिला आत घेतले. पुढे अशा थापा गावातील पुष्कळ दारांवर पडू लागल्या. कोणी माळ्यावर, कोणी गोठ्याच्या बाजूच्या खोलीत, कोणी शाळेच्या वसतिगृहात, अशी शेकडो मुले व मोठी माणसे त्या पठारावर लपविली गेली.

१९४२ च्या ऑगस्टात सरकारी पोलीस मोटारी घेऊन आले व त्यांनी पाळकापाशी यहूद्यांची यादी मागितली. त्याने ती देण्याचे नाकारिले. यहूदी कोण व कोण नाही हे मी जाणत नाही, मला माणसे तेवढी ठाऊक आहेत, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. पोलिसांनी घरे व राने धुंडाळली. लोक आधीच रानात पांगले होते, आणि मोटारी जवळजवळ रिकाम्या परतल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत दोघे पाळक व शाळामास्तर रोजे दार्सिसाक ह्यांना पकडले. जे शिपाई धरावयास आले त्यांनाच मागदाने जेवावयास बसविले. त्यात काही विशेष नव्हते, जेवणाची वेळ झाली होती, असे ती पुढे सांगत असे. काही आठवड्यांनी त्यांना सोडते वेळी सरकारच्या आज्ञा पाळण्याचे वचन लिहून मागण्यात आले. दोघा पाळकांनी सही केली नाही. तरीही ते सुटले. नंतर आपल्या जिवावर घाला येणार अशी सूचना मिळाल्यावर त्रोक्मे कित्येक महिने लपून राहिला. पाटीत बसून उतरणाऱ्या पौलाचीच ही रीत.

परंतु सर्वच सुटले नाहीत. त्याचा तरुण नातलग दानियेल त्रोक्मे हा विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह चालवीत असे. २९ जून १९४३ रोजी जर्मन पोलिसांनी त्यावर छापा घातला. दानियेल त्या वेळी दुसऱ्या घरी होता व त्यास पळून जाण्यास वाव होता. तो गेला नाही. मुले माझ्या हवाली आहेत म्हणून त्यांच्याबरोबर गेला. १९४४ च्या एप्रिलात पोलंडमधील मायदानेक येथील छावणीत तो मेला. युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी, १९९० साली, यहूद्यांच्या यरुशलेमेतील स्मारकसंस्थेने ल शाँबों व आसपासच्या गावांच्या रहिवाशांचा एकत्र सन्मान केला. त्या गावकऱ्यांस ह्याचे कौतुक फारसे कळत नसे असे म्हणतात. दारी आलेल्यास आत घ्यावे, ह्याहून दुसरे काय करावयाचे होते, असे ते विचारीत.

ह्या हकीकतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या गावात दुःखाचे वाटे झाले होते. एकाने माळा दिला, दुसऱ्याने बटाटे दिले, तिसऱ्याने रात्री रस्ता दाखविला, चौथ्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. कोणा एकाच्या डोक्यावर सर्व ओझे पडले नाही. म्हणून साधीसुधी माणसेही ते चार वर्षे वाहू शकली. दानियेलाने दिले तेवढे सर्वांना द्यावे लागले नाही, परंतु काहीही न देता बाजूस उभे राहण्याची मुभा तेथे थोड्यांनीच घेतली. पेत्राचे पत्रही मंडळ्यांस उद्देशून आहे, हे आपण विसरतो. आपण ते एकेकट्यास वाचून दाखवितो, त्यास म्हणतो, बंधू, तू सोस. आणि आपण घरी जाऊन भाकर खातो.

हे मी दुसऱ्यांवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडून मी एका लहान मंडळीत उपदेशकाचे काम करीत होतो. दुष्काळाचे वर्ष होते. गावाबाहेर बंधाऱ्याचे सरकारी काम चालले होते व मंडळीतील पुष्कळ कुटुंबे त्याच कामावर पोट भरीत. आमच्यातील एक विधवा बाई, जिला सर्व गाव मावशी म्हणे, तीही तेथे माती वाहात असे. तिला लिहिता वाचता येत होते. कामाच्या हजेरीपटावर जी माणसे कधी आलीच नाहीत त्यांची नावे लिहून मुकादम त्यांची मजुरी खातो, हे सर्वांस ठाऊक होते, मलाही होते. एके दिवशी तपासणीस कोणी साहेब येणार असे कळले. पटावरील सर्व माणसे कामावर असतात असे सांगावयाचे, अशी मुकादमाने सर्वांस ताकीद दिली, व वाचता येणाऱ्या मावशीस मुद्दाम निराळे बोलाविले.

त्या रात्री ती माझ्या घरी आली. वीज गेलेली होती म्हणून तिच्या हाती कंदील होता. तो उंबऱ्यावर ठेवून ती म्हणाली, "मास्तर, उद्या मला विचारतील. काय सांगू?"

मी ह्याच पत्राचा दुसरा अध्याय काढिला. धन्यांच्या अधीन असावे एवढे वाचले, व पुढे का वाचीत नाही हे मला त्या वेळीही समजत होते. मग म्हणालो, "मावशी, तुमचे हातावर पोट. तुम्ही खोटे बोलू नका, पण खरे सांगण्याचीही गरज नाही. मला ठाऊक नाही, इतके म्हणा." तिने ऐकून घेतले. प्रार्थना कराल का, असे विचारले. मी केली, मोठी व सुंदर केली असे मला तेव्हा वाटले. ती कंदील उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबास खरे ते सांगितले.

काय व्हावयाचे ते झाले. मुकादमाचे काही दिवस अडचणीचे गेले व नंतर तो सावरला. मावशीचे काम तुटले. त्या हंगामात गावच्या कोणत्याही शेतात तिला रोजगार मिळाला नाही. दुकानदाराने उधारी बंद केली. परंतु तिला खरा घाव कोठे बसला ते मी पाहिले आहे. रविवारी उपासनेस ती येऊन बसली की शेजारच्या बाया थोड्या सरकून बसत, कारण त्यांचे नवरे अजून त्याच कामावर होते. मंडळीच्या पंचांनी ह्या विषयावर सभा बोलाविली नाही. मी संकटात असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करीत असे व त्यात तिचे नाव घेत नसे. ह्या पंधरा वीस कुटुंबांपैकी प्रत्येकाने आठवड्यास मूठभर ज्वारी दिली असती तर ती बाई उपाशी राहिली नसती, हे गणित मला येत होते. तिने ते वर्ष आपल्या बहिणीच्या गावी जाऊन कसेबसे काढिले.

पुढे माझी बदली झाली, दीक्षा झाली, आणि चांगले करून सोसावे ह्या विषयावर मी अनेक गावी उपदेश केले. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी जाणे झाले तेव्हा ती भेटली. बरीच थकली होती. मी मोठ्या कष्टाने तो विषय काढिला व त्या रात्रीबद्दल तिची क्षमा मागितली.

ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही त्या वेळी पोरच होता. तुम्हांला माझी काळजी वाटली, ते मला कळले होते."

मी विचारिले, "मग मावशी, माझे न ऐकता तुम्ही साहेबास का सांगितले?"

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही विचारलेच नाही, त्या पटावर कोणाची नावे होती ते. त्यात माझ्या मालकाचे नाव होते. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. रोज सकाळी त्यांच्या नावापुढे हजर म्हणून लिहीत, आणि त्यांची मजुरी तो उचली. आता मला सांगा, मी ठाऊक नाही असे कसे म्हणू? त्यांना माती मी दिली होती."